आयफोन १७ घ्यायच्या आधी आयओएस २६ आठवडाभर वापरा

९ सप्टेंबर २०२५ ला आयफोन १७, आयफोन एअर, १७ प्रो आणि १७ प्रो मॅक्स जाहीर झाले. १२ ला बुकिंग उघडलं, १५ च्या रात्री आयओएस २६ हे आयफोनचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी आलं आणि १९ पासून फोन हातात पडायला लागले. म्हणजे ऐन पितृपक्षात. ठाण्यातल्या बऱ्याच घरांत त्या आठवड्यात "घट बसू देत, मग बघू" हे ऐकू आलं असेलच. ते मनावर घ्या. कारण घोषणेत ज्या गोष्टींची सर्वात जास्त चर्चा झाली त्यातल्या निम्म्या सॉफ्टवेअरच्या आहेत, आणि ते सॉफ्टवेअर आयफोन ११ पासून पुढच्या प्रत्येक फोनवर फुकट येतं. आधी ते आपल्या फोनवर नीट बसवावं, आठवडाभर वापरावं, आणि त्यानंतरही जे कमी पडतंय तेवढ्यासाठीच पैसे मोजावेत.

थांबण्याचं एक कारण मात्र चुकीचं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले, म्हणून फोनही उतरेल असं पुष्कळांना वाटलं. मोबाइलवर आधीपासून १८ टक्केच होता आणि तो तसाच राहिला.

अपडेट टाकताना

सेटिंग्ज > जनरल > सॉफ्टवेअर अपडेट इथे सप्टेंबर २०२५ मध्ये दोन गोष्टी दिसायच्या: आयओएस १८.७ आणि त्याच्याखाली आयओएस २६. १८.७ मध्ये फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या आहेत. ज्यांचा फोन कामाचा आहे, ज्यांना ऑफिसचं अ‍ॅप बंद पडलेलं परवडणार नाही, त्यांनी तेव्हा १८.७ टाकून २६ ची पहिली-दुसरी दुरुस्ती येऊ देणं बरं होतं. एक्सआर, एक्सएस आणि एक्सएस मॅक्स वाल्यांना २६ मिळणारच नाही. त्यांच्यासाठी १८.७ हाच मार्ग आहे, आणि खऱ्या अर्थाने नव्या फोनचा विचार करायची वेळ त्यांची आहे.

आधी बॅकअप घ्या. लॅपटॉपवर घेत असाल तर एन्क्रिप्टेड बॅकअपची खूण जरूर करा, नाहीतर पासवर्ड आणि हेल्थची माहिती त्यात येत नाही. हे मनावर घ्यायचं कारण असं की मागे फिरण्याची वाट लवकर बंद होते. अ‍ॅपल जुनी आवृत्ती थोडेच दिवस चालू ठेवतं, आणि २६ वर घेतलेला बॅकअप १८ वर परत बसत नाही. ती वाट उघडी होती तोवरही १८ वर असताना घेतलेला बॅकअप लॅपटॉपवर वेगळा ठेवलेला असेल तरच माहितीसकट परतता यायचं.

६४ जीबीच्या आयफोन ११ किंवा १२ वर जागेची अडचण हमखास येते. फोन स्वतःच अपडेट डाउनलोड करतो, तिथेच उलगडतो आणि मग बसवतो, त्यामुळे अपडेटच्या आकारापेक्षा बरीच जास्त मोकळी जागा लागते. फोटो पुसत बसण्यापेक्षा केबलने लॅपटॉपला जोडा आणि मॅकवर फाइंडर किंवा विंडोजवर अ‍ॅपल डिव्हाइसेसमधून अपडेट करा. मग डाउनलोड आणि उलगडणं लॅपटॉपवर होतं, फोनवर कमी जागेत काम भागतं.

पहिले काही दिवस फोन तापेल आणि बॅटरी भराभर उतरेल. फोटो, मेल, फाइल्स यांची सूची पुन्हा तयार होत असते, अ‍ॅप्स स्वतःला अपडेट करत असतात. अ‍ॅपलनेही हे तात्पुरतं असल्याचं सांगितलंय. दोन-तीन रात्री फोन वाय-फायवर चार्जिंगला लावून ठेवला की हे काम उरकतं. त्या काळात बॅटरीबद्दल मत बनवू नका.

आठवड्यानंतरही फोन रखडत असेल तर नव्या सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी बॅटरी हेल्थ बघा. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण चार्ज-चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली असते. १५ पासून हा आकडा १००० आहे. बॅटरी थकली की तिला एकदम मोठा प्रवाह देता येत नाही, मग फोन अचानक बंद पडू नये म्हणून आयओएस प्रोसेसरचा वेग उतरवतं. १२ किंवा १३ वर ७६-७८ टक्के दिसत असेल तर तुम्हाला नवीन फोन नको आहे, नवीन बॅटरी हवी आहे. आयफोन १७ च्या ८२,९०० रुपयांच्या मानाने तो खर्च फारच थोडा आहे, आणि फोन आणखी दोन वर्षं सहज चालतो.

काचेचा नवा चेहरा

लिक्विड ग्लास म्हणजे बटणं, मेन्यू, नोटिफिकेशन हे सगळं पारदर्शक काचेसारखं, मागचा रंग आत ओढून घेणारं. दिसायला सुंदर आहे, यात शंका नाही. पण वाचायला त्रास होतो, आणि मराठीत तो जास्त होतो. इंग्रजी अक्षराची एखादी रेघ पुसट झाली तरी शब्द कळतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर अनुस्वार, रफार, मात्रा असतात, खाली उकार. लॉक स्क्रीनवर पांढऱ्या ढगांचा किंवा फुलांच्या रांगोळीचा फोटो असेल आणि त्यावर "आईंचं औषध आणायचंय" असा मेसेज आला, तर पहिले हरवतात ते अनुस्वार. दुपारच्या उन्हात स्टेशनबाहेर उभं राहून वाचताना हे ठळकपणे जाणवतं.

उपाय सोपा आहे. सेटिंग्ज > अ‍ॅक्सेसिबिलिटी > डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ इथे रिड्यूस ट्रान्स्परन्सी चालू करा. काच दुधाळ होते आणि अक्षरं स्पष्ट होतात. तेवढ्याने भागलं नाही तर तिथेच इन्क्रीझ कॉन्ट्रास्ट आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर डिस्प्ले अँड ब्राइटनेसमधलं बोल्ड टेक्स्टही चालू करावं. सगळीकडे काच नको असं नसेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटीमधलं पर-अ‍ॅप सेटिंग्ज वापरा: फक्त ज्या अ‍ॅपमध्ये त्रास होतो त्याच्यापुरती पारदर्शकता कमी करता येते, बाकी फोन तसाच राहतो. ११ आणि १२ वर हालचाली अडखळत असतील तर मोशनमधलं रिड्यूस मोशन लावा. काचेतून वाकणारा प्रकाश दर क्षणी मोजून काढावा लागतो, ते काम ग्राफिक्सवर पडतं, आणि जुन्या चिपला तेच जड जातं.

फोन अ‍ॅपमध्ये फेव्हरिट्स, रिसेंट्स आणि व्हॉइसमेल एकाच पानावर आणलेत. ज्यांना नंबर शोधताना गोंधळायला होतंय त्यांनी फोन अ‍ॅपमध्ये वर उजवीकडच्या फिल्टर बटणावर टॅप करून क्लासिक निवडावं. जुनी मांडणी परत येते. आई-बाबांचा फोन अपडेट केलात तर हे त्यांना फोन परत देण्याआधीच करून ठेवा.

अनोळखी कॉल आणि कुरियरवाला

आयओएस २६ मधली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट कॉल स्क्रीनिंग आहे. सेटिंग्ज > अ‍ॅप्स > फोन > स्क्रीन अननोन कॉलर्स इथे तीन पर्याय आहेत: नेव्हर, आस्क रीझन फॉर कॉलिंग आणि सायलेन्स. मधला निवडला की अनोळखी नंबरचा कॉल फोन स्वतः उचलतो, समोरच्याला नाव आणि काम विचारतो, आणि उत्तर तुम्हाला पडद्यावर लिहून दाखवतो. मग घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवायचं. कर्ज आणि प्लॉट विकणारे बहुतेक इथेच गळतात.

पण प्रश्न इंग्रजीत विचारला जातो. मराठी किंवा हिंदीत नाही. सोसायटीच्या गेटवर पार्सल घेऊन उभा असलेला माणूस, गॅस सिलिंडरवाला, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, यांना पलीकडून यंत्राचं इंग्रजी ऐकू आलं की ते फोन ठेवतात आणि पुढच्या बिल्डिंगकडे निघतात. म्हणून नेहमीच्या माणसांचे नंबर सेव्ह करा: गॅस एजन्सी, वॉचमन, शाळेच्या बसचे काका, दूधवाला, घरकामाच्या ताई. पार्सल यायचं असेल त्या दिवशी पर्याय नेव्हरवर ठेवा. घरात कुणी हॉस्पिटलमध्ये असेल तर ते दिवस हे बंदच ठेवा, वॉर्डमधला कॉल कुठल्या नंबरवरून येईल ते सांगता येत नाही. सायलेन्स हा पर्याय तर कुणालाच सुचवणार नाही, त्यात घंटाच वाजत नाही.

मेसेजेसमध्येही अनोळखी पाठवणाऱ्यांसाठी असाच फिल्टर आहे. तो लावलात तर ओटीपी आणि बँकेचे मेसेज कुठल्या कप्प्यात जातायत ते पहिल्या दिवशीच तपासून घ्या. पैसे भरताना शोधाशोध करावी लागू नये.

मराठीची स्थिती काय? फोनचा सगळा चेहरा मराठीत करता येतो, ही सोय आयओएस १८.४ पासून आहे: जनरल > लँग्वेज अँड रीजन. एखादं अ‍ॅप मराठीत अवघड वाटलं तर सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर त्याच्यापुरती भाषा बदलता येते. रोमन अक्षरांत "kuthe" टाइप करून "कुठे" मिळवणारा ट्रान्सलिटरेशन कीबोर्ड आहे, आणि इंग्रजीबरोबर दोन भारतीय भाषा एकाच कीबोर्डवर ठेवता येतात. मात्र ज्याची जाहिरात सर्वात जास्त झाली, एअरपॉड्समधून कानात थेट भाषांतर, त्यात सुरुवातीला मराठीही नव्हती आणि हिंदीही नव्हती. तेव्हा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज एवढंच होतं. अ‍ॅपल इंटेलिजन्स, म्हणजे फोनमधली एआयची सोय, भारतीय इंग्रजीत चालतं, मराठीत नाही, आणि त्याला १५ प्रो किंवा १६ पासून पुढचा फोन लागतो. मराठी लेखन सुधारून मिळेल या आशेने कुणी नवा फोन घेणार असेल तर त्याला आत्ताच थांबवा.

मग नव्या फोनमध्ये काय राहतं?

साधा आयफोन १७ या चौघांतला सर्वात चांगला सौदा आहे. बाजारात आला तेव्हा २५६ जीबी ८२,९०० रुपयांना. २०२४ मध्ये आयफोन १६ ची किंमत ७९,९०० पासून सुरू झाली होती, पण त्यात १२८ जीबी होते आणि २५६ जीबीचा फोन ८९,९०० ला होता. म्हणजे तेवढ्याच जागेसाठी सात हजार कमी झाले. शिवाय तोवर फक्त प्रोमध्ये असलेला १२० हर्ट्झचा, म्हणजे हालचाल जास्त गुळगुळीत दाखवणारा, पडदा साध्या फोनला मिळाला, नेहमी चालू राहणारी लॉक स्क्रीन मिळाली, उन्हात ३००० निट्सपर्यंत जाणारा उजेड मिळाला. ११, १२ किंवा १३ वरून येणाऱ्याला हा फरक पहिल्याच स्क्रोलला कळेल. १५ किंवा १६ वरून यायचं कारण मला दिसत नाही.

पुढचा कॅमेरा चारही फोनमध्ये सारखाच आहे, १८ मेगापिक्सेलचा, आणि त्याचा सेन्सर चौकोनी आहे. त्यामुळे फोन उभा धरूनच आडवा सेल्फी येतो. सोसायटीच्या गणपतीसमोर पंधरा जण उभे असताना फोन आडवा करून बोटं बटणापर्यंत ताणायची गरज उरत नाही. पुढचा आणि मागचा कॅमेरा एकाच वेळी व्हिडिओ घेतो तेही याच पिढीत आहे, अपडेटने जुन्या फोनवर येत नाही.

एअर हातात घ्यायला मोह पडेल असा आहे: ५.६ मिलीमीटर जाडी, १६५ ग्रॅम. पण सुरुवातीच्या १,१९,९०० रुपयांत मागे एकच कॅमेरा, अल्ट्रा वाइड नाही, मॅक्रो नाही. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये हळदीकुंकवाला जमलेल्या सगळ्या बायका एका फ्रेममध्ये घ्यायच्या तर भिंतीला पाठ लावूनही अल्ट्रा वाइड लागतोच. त्यातून एअरला सिमची जागाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं डिजिटल सिम. एवढ्या किमतीत मी तो कुणालाही सुचवणार नाही.

प्रोबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण या पिढीतला खरा बदल त्याच्या अंगात आहे. १५ प्रो आणि १६ प्रो टायटॅनियमचे होते. टायटॅनियम कणखर आहे, पण उष्णता वाहून नेण्यात कच्चं. १७ प्रोचं अंग अ‍ॅल्युमिनियमच्या एकाच तुकड्यातून कोरलंय आणि आत व्हेपर चेंबर आहे: सपाट, हवाबंद डबी, त्यात थोडंसं शुद्ध पाणी. चिपजवळ पाण्याची वाफ होते, ती गार भागाकडे जाते, तिथे पुन्हा पाणी होतं आणि परत येतं. उष्णता एका ठिकाणी न साचता सगळ्या फोनभर पसरते. हे अ‍ॅल्युमिनियम आधीच्या टायटॅनियमच्या २० पट उष्णता वाहून नेतं असं अ‍ॅपल सांगतं.

अ‍ॅपलच्या क्युपर्टिनोपेक्षा ठाण्याच्या घोडबंदर रोडवर याचं महत्त्व जास्त आहे. आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरायला बनवलेला असतो. आपल्याकडे मार्च ते मे दुपारी पारा ३५ च्या वर जातो, वर गाडीच्या डॅशबोर्डवर काचेमागे नकाशा, ५जी आणि चार्जिंग एकदम चालू. तेव्हा फोन आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, शेवटी तापमानाची सूचना देऊन हात वर करतो. व्हेपर चेंबर ही वेळ पुढे ढकलतो, टाळत नाही. दिवसभर फोनवरच नकाशा, व्हिडिओ शूट किंवा खेळ चालत असेल त्याला सुरुवातीच्या १,३४,९०० रुपयांत हे मिळतं. बाकीच्यांना याचा फायदा फारसा कळणार नाही. अ‍ॅल्युमिनियमची दुसरी बाजूही आहे: कॅमेऱ्याच्या उंचवट्याच्या कडेवर रंगाचा थर किल्ल्यांच्या घासण्याने लवकर उडू शकतो. पहिल्या दिवसापासून कव्हर लावा, आणि ते त्या कडेपेक्षा उंच असेल असं बघा.

प्रोचा टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारा कॅमेरा, आता ४८ मेगापिक्सेलचा आणि ४ पटींचा आहे. १६ प्रोमध्ये ५ पटींचा पण १२ मेगापिक्सेलचा होता. नव्याच्या मधल्या भागातून ८ पटींचा १२ मेगापिक्सेल फोटो काढता येतो. टेंभी नाक्याच्या देवीच्या मिरवणुकीत गर्दीच्या मागून चेहरा टिपायचा तर ४ पट सोयीचे, कारण जवळचं अंतरही हाताळता येतं आणि सेन्सर आधीपेक्षा मोठा असल्याने रात्री चित्र कमी खरखरीत येतं. मांडवातल्या एलईडी माळांनी व्हिडिओत पट्टे हलताना दिसतात, ही तक्रार दर नवरात्रात असते आणि महागडा फोन घेऊनही ती जात नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि फोन ३० फ्रेमने शूट करतो, त्यामुळे ताल चुकतो. सेटिंग्ज > कॅमेरा > रेकॉर्ड व्हिडिओमध्ये शो पाल फॉरमॅट्स चालू करून २५ फ्रेम निवडा. घरगुती वीजेवरचे बहुतेक दिवे शांत होतात. कंट्रोलरवर लुकलुकणाऱ्या माळांना याने पूर्ण फरक पडत नाही. ही सोय जुन्या आयफोनवरही आहे.

प्रोवर प्रोरेस, म्हणजे संपादनासाठीच्या मोठ्या आकाराच्या व्हिडिओ प्रकारात, शूट करणाऱ्यांनी केबलचा हिशेब आधी करावा. ४के प्रोरेस मिनिटाला सुमारे ६ जीबी घेतं. दहा मिनिटांचे ६० जीबी. प्रोचं यूएसबी-सी पोर्ट सेकंदाला १० गिगाबिट नेऊ शकतं, पण डब्यातली केबल यूएसबी २ ची, ४८० मेगाबिटची आहे. तिच्यावरून ६० जीबी उतरायला पाव तासाहून जास्त लागतो. १० गिगाबिटची केबल वेगळी घ्यावी लागते. साधा १७ आणि एअर यांचं पोर्टच यूएसबी २ आहे, तिथे महागडी केबल घेऊन उपयोग नाही.

बाइकवर फोन थेट हँडलला घट्ट आवळू नका, कुठलाही मॉडेल असो. लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा बारीक चुंबकांवर तरंगत असते, आणि मोठ्या इंजिनची सततची कंपनं तिला बिघडवतात, हे अ‍ॅपलने स्वतः सांगितलेलं आहे. फोकस अडकायला लागतो, व्हिडिओ थरथरतो. कंपन शोषणारा होल्डर घ्या, नाहीतर नकाशा ऐकत जा.

चार्जिंगचं: १७ आणि प्रो ४० वॅट किंवा त्याहून मोठ्या चार्जरवर २० मिनिटांत ५० टक्क्यांपर्यंत जातात. डब्यात चार्जर नसतो. घरातला ८० वॅटचा अँड्रॉइड चार्जर लावून हा वेग येईलच असं समजू नका. तो वॅटचा आकडा त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा असतो, आयफोनशी तो बोलतच नाही आणि हळू चार्ज करतो. चार्जरवर यूएसबी पॉवर डिलिव्हरी या सामाईक पद्धतीचे वॅट वेगळे छापलेले असतात, ते वाचा. पावसात भिजून आलात आणि पोर्टमध्ये पाणी असल्याची सूचना आली तर पोर्ट खाली करून हाताने हलकेच ठोका, हवेशीर जागी किमान अर्धा तास ठेवा. तांदळात ठेवू नका, कण आत जातात. फोनला पाणी-धूळ रोखण्याचा आयपी६८ दर्जा असला तरी पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत.

दुबईचा फोन, सिम आणि यूपीआय

दुबईला किंवा अमेरिकेत भाऊ-बहीण आहे म्हणून तिकडून मागवणार असाल तर आता जास्त काळजी घ्या. १७ आणि १७ प्रो भारतात एक नॅनो सिम आणि ई-सिम असे येतात, पण अमेरिका, यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, कॅनडा, जपान आणि मेक्सिकोतल्या फोनला सिमची जागा नाही. प्रोमध्ये त्या जागेत मोठी बॅटरी बसवलीय, म्हणून तिकडच्या जाहिरातीत १७ प्रोला ३३ तासांचा व्हिडिओ लिहिलाय आणि आपल्याकडच्या फोनला ३१ तास. तिकडचे आकडे बघून इथे फोन घेऊ नका.

ई-सिम जिओ, एअरटेल आणि व्हीआय देतात. नंबर ई-सिमवर नेल्यावर सुरक्षेच्या नियमामुळे २४ तासांपर्यंत एसएमएस बंद राहू शकतात. ओटीपी येत नाहीत. हप्ता भरायच्या दिवशी, प्रवासाच्या आदल्या दिवशी किंवा शनिवारी रात्री हे काम काढू नका. आणि सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येत नाही.

यूपीआय अ‍ॅप नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं, कारण ते त्याच सिमवरून एसएमएस पाठवून खात्री करतं. दोन सिम असतील तर बँकेशी जोडलेलं सिम निवडा, इथेच सर्वात जास्त अडखळायला होतं. पिन तोच चालतो. नव्या फोनवर सुरुवातीला अनेक बँका ५,००० रुपयांची मर्यादा घालतात, साधारण २४ तास, आयफोनवर काही बँकांत ७२ तास. दसऱ्याच्या खरेदीच्या सकाळी फोन बदललात तर सोनाराकडे कार्ड न्यावं लागेल.

जुन्या आयफोनचा डेटा नेण्यासाठी आयक्लाउडची जागा विकत घ्यायची गरज नाही. जनरल > ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन इथे प्रिपेअर फॉर न्यू आयफोन वापरा, अ‍ॅपल तात्पुरती जागा फुकट देतं आणि तो बॅकअप २१ दिवस टिकतो. अँड्रॉइडवरून येत असाल तर व्हॉट्सअ‍ॅपचे जुने मेसेज पहिल्या सेटअपच्या वेळी मूव्ह टू आयओएसमधूनच आणा. फोन एकदा वापरायला घेतला की त्यासाठी तो पुन्हा कोरा करावा लागतो.

दुकानात डबा समोर उघडायला सांगा. *#०६# लावून दिसणारा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, डब्यावरच्या आणि जीएसटी बिलावरच्या आकड्याशी जुळवा. अबाउटमधल्या मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर एम हवं. एफ असेल तर तो दुरुस्त करून विकलेला फोन, एन असेल तर बदली दिलेला. वापरलेला फोन घेत असाल तर इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून आयएमईआय टाका आणि १४४२२ ला एसएमएस करा, तो चोरीचा म्हणून बंद केलेला नाही ना ते कळतं. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाएवढी सूट आधीच देतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच कार्डावर पडते. रोखीच्या किमतीशी तुलना करताना ते मिळवा.

जुना फोन एक्स्चेंजला देणार असाल तर त्याच दिवशी देऊ नका. यूपीआयची मर्यादा उठेपर्यंत आणि ऑफिसची अ‍ॅप्स नव्या फोनवर चालू होईपर्यंत तो जवळ असू द्या. मग फाइंड माय बंद करा, इरेज ऑल कंटेंट करा, त्यात ई-सिमही पुसायला सांगा, आणि एक्स्चेंजच्या पावतीवर त्या फोनचा आयएमईआय आणि तारीख लिहून घ्या. पुढे त्याचा कुणी गैरवापर केला तर तो तुमच्या हातून कधी गेला हे दाखवायला तोच कागद लागतो.